मास्तरांच्या विहिरीतला पिंपळ

चैत्र सरत आला की गावातली माणसं आमच्याकडे यायला लागत. थेट दारात कोणी येत नसे. आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी एक बाभूळ होती, तिच्या अलीकडे उभं राहून ते हाक मारत. कोणाच्या लिंबाची फांदी घरावर आलेली असे, कोणाच्या चिंचेवरून वानरं उड्या मारून छपराची कवेलू फोडत, कोणाच्या आंब्याला बांडगूळ लागलेलं असे. वादळवारं सुटायच्या आत हे सगळं छाटून घ्यायचं असे, आणि त्यासाठी माझ्या वडिलांना बोलावत. वर्ध्याहून देवळीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं आमचं गाव. झाडावर चढणारे गावात आणखीही होते, पण फांदी दोरानं बांधून घरावर न पाडता अलगद अंगणात उतरवायची, तर लोकांना बाबा आठवत.

पिंपळाची गोष्ट मात्र वेगळी होती. पाखरांच्या विष्ठेतून त्याचं बी पडतं आणि तो भिंतीत, ओट्यात, विहिरीच्या दगडांत कुठेही उगवतो. दोन पानांचा असताना चिमटीनं उपटता येतो, पण तेवढंही कोणी करत नसे. पिंपळ मारणं म्हणजे पाप, शिवाय त्यात मुंजा राहतो अशी भीती. मग तो मनगटाएवढा होई, भिंतीला तडा जाई, आणि तेव्हा घरधनी आमच्या बाभळीजवळ येऊन उभा राही. बाकीचे झाडं तोडणारे पिंपळाला हात लावत नसत. ते काम आमच्या बाबांचंच, असं गावानं कधीतरी ठरवून टाकलं होतं.

येणारा माणूस ‘तोड’ असं कधीच म्हणत नसे. तो म्हणे, “जरा भिंत पाहून दे.” एवढंच. बाबा कुऱ्हाड आणि छिन्नी घेऊन गेले की त्या घरातली माणसं आत जाऊन दारं लावून घेत, म्हणजे कोणी सांगितलं नाही आणि कोणी पाहिलंही नाही. ओसरीच्या कडेला पानात गुंडाळलेला हिंग ठेवलेला असे. खोड छाटायचं, बुडख्यात छिन्नीनं भोक पाडायचं, त्यात हिंग ठासून वर चुना लिंपायचा, की मूळ पुन्हा फुटत नाही. काम झाल्यावर बाबा बाहेरूनच ओरडत, “भिंत पाह्यली हो!” मग दार उघडे. पाप भिंतीबाहेर राहून गेलेलं असे, बाबांबरोबर.

माझ्या आधीची एक बहीण आणि माझ्यामागचा एक भाऊ लहानपणीच गेले. बहीण देवीनं गेली, भाऊ हगवणीनं. आमच्या मोहल्ल्यात अशी पोरं घरोघरी जात होती, पण आमच्या घरच्या मरणाला गावानं कारण शोधून ठेवलं होतं: पिंपळ भोवले. नदीवर धुणं धुताना बायका मायला ते ऐकवत. ज्यांच्या भिंतीतले पिंपळ बाबांनी काढले होते त्याच घरांतल्या बायका. माय घरी येऊन बाबांना म्हणे, “तुमी काऊन जाता? लोकाइच्या भिंती उभ्या राह्यते अन् माही लेकरं आडवी होते.” बाबांचाही त्यावर विश्वास होता की नाही, हे मला कधी कळलं नाही. इतकं मात्र आठवतं, की पिंपळाचं काम करून आले की ते त्या दिवशी मला जवळ घेत नसत.

मग आमच्या लोकांनी धर्म बदलला. मोहल्ल्यातून जवळजवळ सगळेच नागपूरला गेले होते. बाबा, माय आणि माझे काका बैलबंडीनं वर्ध्याला आणि तिथून रेल्वेनं गेले, मीही वर्ध्याहून त्यांच्यात मिसळलो. मी तेव्हा वर्ध्याच्या कॉलेजात शिकत होतो, वसतिगृहात राहत होतो. परतताना गाडीत एक पुलगावचा माणूस बुद्धाची गोष्ट सांगत होता. तो म्हणाला, बुद्धाला झाडाखाली बोध झाला.

बाबांनी विचारलं, “कोनतं झाड?”

“पिंपळ.”

बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. “आपला पिंपळ? हाच?”

“हाच. दुसरा कोनता असते?”

दसऱ्याच्या सुट्टीमुळे वर्ध्याहून मीही त्यांच्याबरोबर बंडीनं घरी आलो. घरी आल्यावर बाबांनी ती छिन्नी काकांना देऊन टाकली. म्हणाले, “आजपासून पिंपळ नाई. लिंब, बाभूळ, आंबा, काहीबी सांगा. पिंपळ नाई.” आणि मायनं पोर वाचल्यासारखा श्वास सोडला. बाबांनी सोडलं ते एका कारणासाठी आणि माय खूष झाली ती दुसऱ्याच कारणासाठी, पण दोघांचं जमलं.

गावाला ते आवडलं नाही. “मोठा साधू झाला,” असं म्हणत लोक लिंब छाटायलाही दुसऱ्यांना बोलावू लागले. एक-दोघांनी बाभळीजवळ येऊन दम दिला. बाबा त्यांना म्हणत, “भिंत तुमची, झाड तुमचं. तुमीच पाहा.”

माझ्या मिडल स्कूलचे हेडमास्तर मात्र यांतले नव्हते. त्यांच्याविषयी मला नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे घडलं त्यावरून वाचणाऱ्याचा त्यांच्याविषयी गैरसमज होऊ शकतो. शाळेत आम्ही दाराबाहेर बसत होतो. मला आत, बाकांच्या रांगेत बसवणारे तेच. परीक्षेच्या वेळी मला ताप आला तेव्हा ते स्वतः बाभळीपर्यंत येऊन मला घेऊन गेले होते. वर्ध्याच्या वसतिगृहात माझी सोय त्यांच्या शब्दावर झाली. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी पाटी धरली नव्हती, आणि मी पुढे पदवीधर झालो, त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. हे मी आजही दोन्ही हात जोडून म्हणतो. पण त्यांच्या घरी माझी जागा अंगणातल्या लिंबाखाली होती. ते स्वतः बाहेर येऊन माझ्याशेजारी बसत, मला आत बोलावत नसत. त्यांच्या विहिरीचं पाणी मला वरून ओंजळीत मिळे.

त्याच विहिरीत पिंपळ उगवला होता. काठाखाली दीड-दोन हातांवर, दगडांच्या सांध्यात. मी शाळेत असल्यापासून तो पाहत होतो. मी कॉलेजात गेलो तोवर तो दंडाएवढा झाला आणि त्या बाजूचे दगड पोटासारखे पुढे आले. त्या आळीतली चार-पाच घरं त्या विहिरीवर जगत होती. येत्या पावसात ती बाजू ढासळणार हे कोणालाही दिसत होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी होतो, तेव्हा एका सकाळी मास्तर आले. बाभळीजवळ थांबले नाहीत. तसेच चालत आमच्या दारापर्यंत आले, डोक्यावर टोपी, हातात छत्री. मायनं घाईघाईनं बाज टाकली. ते बसले नाहीत, पण बाजेला हात लावून उभे राहिले.

“भिंत पाहून देतोस का रे?” त्यांनी बाबांना विचारलं.

“मास्तर, म्या आता भिंती पाहनं सोडलं.”

“ऐकलं मी. चांगलं केलंस.” मग म्हणाले, “पण विहीर जाईल.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या अभ्यासाची चौकशी केली, आणि “बरं,” म्हणून निघून गेले. माझ्यासाठी त्यांनी जे केलं होतं त्याचा एका अक्षरानंही उल्लेख केला नाही.

ते वळणाआड गेल्यावर काका म्हणाले, “सुटलो बाप्पा! मले वाटलं आता पोराच्या शिकनाचा हिशोब काहाडते का काय.”

बाबा म्हणाले, “तेच तं. काहाडला नाई त्यानं.”

“मंग?”

“मंग जा लागन.”

माय चुलीपुढून उठून आली. “जाऊन पाहा तुमी! सोडलं म्हनून सांगतलं होतं मले.”

“तोडनार नाई मी,” बाबा म्हणाले. “जित्तं काहाडतो. मुयासकट. अन् इथं आनून लावतो, आपल्या मोहल्ल्यात.”

मी मध्ये पडलो. म्हटलं, “बाबा, तुम्ही जाऊ नका. मास्तरांनी जबरदस्ती केली नाही. मी त्यांना समजावून सांगतो.” बाबा हसले. “तू कायचं समजावतं? त्यानं मांगतलं असतं तं नाई म्हनता आलं असतं. मांगतलंच नाई, आता नाई कोनाले म्हनू?”

मायनं पुढे एक वाक्य उच्चारलं, ते मला जन्मभर ऐकू येत राहिलं. ती म्हणाली, “दोन देल्ले त्या झाडाले. आता आनखी कोनाले देता?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा, काका आणि मी मास्तरांच्या अंगणात गेलो. या वेळी घराची दारं लावली गेली नाहीत. बाबांनीच तसं सांगितलं होतं: “मास्तर, दार उघडं ठेवा. लपवाचं काम नाई हे.” मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसले. त्यांची म्हातारी आई ओसरीवर जपमाळ घेऊन बसली होती.

पिंपळ तोडायचा असता तर बाबांनी काठावर पालथं पडून तो छाटला असता आणि हिंग भरला असता. आंघोळीच्या वेळेआधी आम्ही घरी आलो असतो. पण जिवंत काढायचा म्हणजे मुळाभोवतीचे दगड एकेक करून सोडवायला हवे होते, आणि त्यासाठी विहिरीत उतरायला हवं होतं.

“उतरावं लागेल का आत?” मास्तरांनी विचारलं.

“हाव.”

मास्तरांनी ओसरीकडे पाहिलं. म्हातारी माळ ओढत म्हणाली, “आमच्या बादलीचा दोर घेऊ नका म्हणावं.”

“आमचा दोर हाये, आजी,” काका म्हणाले. “तुमचा बाटनार नाई. पानी तेवढं सांभायून घेजा.” आणि आमच्याकडे वळून हळूच, “दादा, तू उतरला का मास्तरले आंघोय नदीवर करा लागते, पाहाजो!”

मास्तरांच्या कानावर ते गेलं असावं. ते मान खाली घालून म्हणाले, “उतर तू. मी आहे.”

अंगणातला तो लिंब बाबांनीच दरवर्षी छाटून वाढवलेला. त्याच्या बुंध्याला दोर बांधला. दुसरं टोक बाबांच्या कमरेला. मी आणि काका दोर धरून उभे राहिलो. बाबा सांध्यांत पाय रोवत उतरले. आधी त्यांनी पिंपळाची पानं खुडून टाकली, शेंडा छाटला. पानं ठेवली तर झाड पाणी मागतं आणि सुकतं, असं ते खालून मला सांगत होते. मग पहारीनं वरच्या थराचा एक दगड सैल केला आणि टोपलीत घालून वर पाठवला. मग दुसरा. ऊन चढत गेलं. मुळं दगडांच्या मागे मातीत कुठवर गेली होती ते दिसत नव्हतं.

काकांचे हात भरून आले होते. ते विहिरीत वाकून म्हणाले, “दादा, लय झालं. तोडून टाक ना. कोन पाहून राह्यलं?”

“मी पाहून राह्यलो ना,” बाबांचा आवाज आला.

“अबे, मुयी तोडून वर घेऊ. लागलं तं लागलं.”

“मोठं मूळ तुटलं का मेलं ते. थांब जराक. येऊन राह्यलं.”

आणि ते खरंच येऊ लागलं होतं. मी वाकून पाहिलं तेव्हा बाबांनी डाव्या हातानं खोड धरलं होतं आणि उजव्या हातानं मागची माती उकरत होते. खोड हललं. बाबा वर पाहून हसले, तो चेहरा मी पाहिला. मग पुढे आलेला तो सगळा भाग, पिंपळानंच इतकी वर्षं धरून ठेवलेला, एकदम सुटला.

आवाज फार मोठा नव्हता. दगड पाण्यात पडल्याचा आवाज, मग धूळ. दोर ताणला गेला आणि आम्ही दोघंही काठापर्यंत ओढले गेलो. बाबा दोराला लटकत होते. त्यांचा उजवा पाय मांडीपासून दोन दगडांमध्ये अडकला होता. मास्तर खुर्चीवरून उठून धावत आले आणि आमच्यामागे दोराला हात घातला. आम्ही तिघांनी मिळून, त्यांना तसंच, पाय सोडवत वर काढलं. सोडवत म्हणतो, पण खरं म्हणजे ओढून काढलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. त्यांच्या डाव्या हातात पिंपळ होता. तो त्यांनी सोडला नव्हता.

मास्तरांनीच बंडी जुंपायला लावली. स्वतःचं धोतर फाडून पायाला बांधलं आणि वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंत बंडीत आमच्याबरोबर बसून आले. रस्ताभर बाबांचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. हेही मला सांगितलंच पाहिजे.

पाय वाचला नाही. जखम चिघळली आणि गुडघ्याच्या वर कापावा लागला. मी दवाखान्यातच राहत होतो. मास्तर दर बाजाराच्या दिवशी येत. एकदा ते म्हणाले, “तुम्ही तोडलं असतं तर बरं झालं असतं.” बाबांना त्यांनी ‘तुम्ही’ म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. बाबांनीही ते ऐकलं असावं. ते म्हणाले, “तुमी ‘तोड’ म्हनतलं असतं तं तोडलंबी असतं, मास्तर.”

मास्तर गेल्यावर काका म्हणाले, “विहीर उपसली त्याईनं.”

“उपसाचीच होती,” बाबा म्हणाले. “दगड पडले, माती पडली.”

बाबांना झोप लागल्यावर काकांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, की उपसल्यावर म्हातारीनं भटजी बोलावून विहिरीत गोमूत्र शिंपडलं. मास्तर त्या वेळी शाळेत जाऊन बसले होते. सुट्टीतल्या रिकाम्या शाळेत.

मी त्यांना त्याबद्दल कधी विचारलं नाही. माझी पदवी झाली तेव्हा सगळ्यात आधी त्यांच्याच पाया पडलो, लिंबाखाली. आजही मला त्याची लाज वाटत नाही. माणसाचे उपकार आणि माणसाचा कमीपणा, दोन्ही एकाच माणसाचे असतात, आणि मला दोन्ही वाहून न्यायचे होते.

पाऊस तोंडावर आला असताना बाबांना घरी आणलं. गाव तोवर बोलून मोकळं झालं होतं: देव सोडले, पिंपळानं पाय घेतला. मोहल्ल्यातली आमची माणसंही तेच, पण हळू आवाजात बोलत होती. बाजेवर बसता बसता बाबांनी विचारलं, “झाड कुठी हाये?”

काकांनी ते त्याच दिवशी घरी आणून, ओल्या पोत्यात मुळं गुंडाळून परसात ठेवलं होतं, एवढं मला माहीत होतं. मी मागे गेलो. पिंपळ भिंतीला टेकून उभा होता. पोतं वाळून कडक झालं होतं. मी ते झाड उचलून आणून बाबांपुढे ठेवलं.

बाबांनी नखानं साल खरवडली. खाली हिरवं नव्हतं. आणखी खाली खरवडली. मग त्यांनी मायकडे पाहिलं.

माय म्हणाली, “म्या नाई घातलं पानी. भाऊजी घालाले आले तं त्याईलेबी नाई घालू देल्लं.” ती दारात उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून. “मले माहा मानूस पायजे होता. मले वाटलं, ते जगलं तं तुमी नाई येत.”

बाबा रागावतील असं मला वाटलं. त्यांनी तिला जवळ बोलावलं. ती आली नाही.

ते म्हणाले, “म्या काही देव म्हनून सोडलं नव्हतं त्याले. नागपूरले सांगतलंच होतं, देवाले हात जोडू नका म्हनून. सगय्याइच्या घरचे तोडले म्या, जल्मभर. वाटलं, एक लावावं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “कुऱ्हाड आन.”

बाजेवर बसूनच, खोड जमिनीवर आडवं धरून, त्यांनी त्याचे तुकडे केले. एकाच पायावर पुरेसा जोर देता येत नव्हता, त्यामुळे घाव वेडेवाकडे पडत होते. मी पुढे झालो तर त्यांनी कोपरानं मला मागे सारलं. बारके तुकडे झाल्यावर ते मायला म्हणाले, “चूल पेटव.”

पिंपळाचं लाकूड आमच्याकडे कोणी चुलीत घालत नसे. आम्ही गरीब होतो, शेणी, कापसाची पऱ्हाटी, जे मिळेल ते जाळत होतो, पण पिंपळ नाही.

“यानं?” माय म्हणाली.

“लाकूड हाये ते. दुसरं काय हाये?”

ती बराच वेळ त्या तुकड्यांकडे पाहत राहिली. शेवटी पदरात घेऊन आत गेली, एकेक करून चुलीत लावले. पिंपळ वाळलेला असूनही नीट पेटेना. घरभर कडू धूर झाला. बाबा बाहेर खोकत होते. मी फुंकणी घ्यायला वाकलो, तर मायनं ती माझ्या हातातून घेतली आणि मला म्हणाली, “तू बाहेर जाय. तू नको फुंकू.” आणि स्वतः फुंकत राहिली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी, भाकर टाकण्याइतका जाळ होईपर्यंत.